डाएट चार्टच्या आधीचे ऐकणे

"काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय खाल्ले?" हा प्रश्न आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात लवकरच शिकवला जातो, आणि तो इतका साधा वाटतो की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे बहुतेकांच्या मनात येत नाही. या पद्धतीला चोवीस तासांचे आहार-स्मरण म्हणतात. रुग्णाने सांगितलेले पदार्थ वाट्या, चमचे आणि भाकरींच्या हिशेबात लिहायचे, मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 528 खाद्यपदार्थांची माहिती देणाऱ्या कोष्टकांवरून त्यातील ऊर्जा, प्रथिने, लोह वगैरे काढायचे, अशी ही रीत आहे. कोष्टकातील आकडे प्रयोगशाळेत काटेकोरपणे मोजलेले असतात. मात्र त्या आकड्यांना ज्या संख्येने गुणायचे ती संख्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या तोंडून येते, आणि ती चुकली की पुढचे सगळे गणित दशांशापर्यंत बरोबर सोडवूनही उत्तर चुकीचेच निघते. म्हणून आहारतज्ज्ञाच्या शिक्षणात ऐकण्याला वजनकाट्याइतके स्थान असले पाहिजे, असे माझे मत आहे. ते सभ्यपणाच्या किंवा गोड स्वभावाच्या सदरात टाकून भागत नाही.

यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावची, कापूस वेचणीला जाणारी, नुकताच मधुमेह निघालेली पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणू. दिवाळीनंतरचे दिवस आहेत, वेचणी जोरात आहे, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून ती तालुक्याच्या दवाखान्यात आली आहे. प्रश्न विचारल्यावर ती सांगते, "काई नाई मॅडम, चाय घेतली अन् भाकर खाल्ली." विद्यार्थिनी वहीत एक कप चहा आणि एक भाकरी लिहिते. प्रत्यक्षात त्या दिवशी चार वेळा साखरेचा चहा झालेला असतो, त्यातल्या दोन वेळा त्यासोबत टोस्ट होते. शेतात दुपारी दोन भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी झाली होती, शेजारणीच्या डब्यातली डाळभाजीही वाटून खाल्ली होती, आणि रात्री पोटभर गरम वरणभात होता. यात बाई खोटे काहीच बोललेली नाही. चहा-टोस्टला ती जेवणात धरत नाही, दुसऱ्याच्या डब्यातले आपले खाणे म्हणून मोजत नाही, आणि समोर वही-पेन घेऊन बसलेल्या शिकलेल्या मुलीला थोडक्यात उत्तर द्यावे एवढीच तिची इच्छा आहे.

यावर उपाय असा की जेवणाच्या नावांनी विचारण्याऐवजी दिवसभराच्या कामाच्या क्रमाने विचारावे. "पहाटे उठल्यावर चूल पेटवली, मग?" "शेतावर किती वाजता पोहोचलात, तिथे पहिल्यांदा काय तोंडात घातले?" "घरी परतल्यावर स्वयंपाक होईपर्यंत?" पहिल्या फेरीत तिला आठवेल तसे अखंड सांगू द्यावे, दुसऱ्या फेरीत सुटलेल्या गोष्टी विचाराव्यात, आणि तिसऱ्या फेरीत प्रमाण विचारावे. भाकरीचा आकार तोंडी विचारू नये, हाताने दाखवायला सांगावा. तेल आणि मिठाचा अंदाज तर एका दिवसाच्या आठवणीवरून जवळजवळ कधीच लागत नाही. महिन्याला घरात तेल किती आणले जाते आणि जेवणारी माणसे किती, हे विचारले की भागाकाराने उत्तर मिळते. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे 30 ग्रॅम तेल येते. त्याच घरात महिन्याला एक किलो मीठ संपत असेल, तर माणशी दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या वर मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच ग्रॅमच्या मर्यादेपेक्षा हे अधिक आहे, आणि लोणचे-पापड अजून यात धरलेलेच नाहीत. या भागाकारालाही एक मर्यादा आहे, ती म्हणजे घरातली वाटणी समान नसते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर जी शेवटी बसते तिच्या ताटात वरण किती उरले होते, हे वेगळे आणि हळुवारपणे विचारावे लागते.

सल्ला आणि समुपदेशन

सल्ला म्हणजे जाणकाराने नेणत्याला काय करावे ते सांगणे. समुपदेशनात समोरच्या माणसाला स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत मांडता येईल, आपल्या परिस्थितीत काय जमेल हे त्याला शोधता येईल आणि त्यातले एखादे पाऊल त्याला स्वतःच ठरवता येईल, अशी संभाषणाची मांडणी करायची असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1940 आणि 1950 च्या दशकांत हा विचार पुढे आणला. 1957 च्या एका निबंधात त्यांनी मदत करणाऱ्याकडे तीन गोष्टी असाव्यात असे मांडले: समोरच्याचे जग त्याच्या जागेवरून समजून घेणे, त्याला अटी न घालता माणूस म्हणून स्वीकारणे, आणि स्वतः मुखवटा न घालता खरे वागणे. आहारतज्ज्ञाला यातली दुसरी गोष्ट सर्वांत कठीण जाते, असे मला दिसते. रक्तातील साखर 300 च्या वर गेलेला माणूस काल लग्नात बुंदी खाऊन आलो असे सांगतो, तेव्हा त्याच्या खाण्याला संमती न देताही त्याचा मान राखता येतो. मात्र चेहऱ्यावरची एक आठी दिसली, तरी पुढच्या वेळी तो बुंदीचे नाव काढत नाही.

छापील डाएट चार्ट हे सल्ल्याचे सर्वांत सोयीचे आणि सर्वांत निरुपयोगी रूप आहे. ओट्स, सफरचंद, ब्राउन राइस आणि साय काढलेले दूध लिहिलेला कागद वर्धा जिल्ह्यातील खेड्यात घडी होऊन देवाच्या फोटोमागे जातो. त्या घरात प्राधान्य गटाच्या रेशन कार्डावर माणशी पाच किलो धान्य येते, त्यात बहुतेक तांदूळ आणि गहू असतात. कधीकाळी घरच्या शेतात पिकणारी ज्वारी सोयाबीनने मागे सारली आहे, म्हणून ती आता विकत आणावी लागते. घरी गाय असली तरी दूध डेअरीला जाते. दुसरीकडे तूर, मूग, जवस, अंबाडी, शेवगा, उन्हाळ्यातली चिवळ, पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा अशा कितीतरी गोष्टी तिथे आहेत, ज्या छापील कागदावर नसतात. त्यातल्या कोणत्या या घरात आजही शिजतात आणि कोणत्या गरिबीची खूण मानून सोडून दिल्या आहेत, हे ऐकल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे ऐकावे

पहिली सवय बोलू देण्याची. अमेरिकेतील बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 मध्ये डॉक्टर आणि रुग्णांच्या संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला मध्येच तोडतात असे आढळले. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी त्याहून अधिक असते, त्यामुळे आपण फार वेगळे वागत असू असे मानण्याचे कारण नाही. रुग्ण थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकण्याऐवजी मनात पाच-सहा अंक मोजण्याइतके गप्प राहावे. खरी गोष्ट पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते.

दुसरी सवय खुल्या प्रश्नांची. हो किंवा नाही एवढ्यावर ज्याचे उत्तर संपते तो बंद प्रश्न. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून 180 दिवस लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी दिली जाते, त्या प्रत्येक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. "गोळ्या घेता ना?" असे विचारले की "हाव, घेते नं मॅडम" हे उत्तर ठरलेले आहे, कारण दुसरे उत्तर देणे उद्धटपणाचे वाटते. त्याऐवजी "गोळी घेतल्यावर कसे वाटते?" असे विचारले, तर मळमळते, पोट साफ होत नाही, शौचाला काळे होते म्हणून भीती वाटली, बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल असे शेजारीण म्हणाली, अशा चार गोष्टी निघतात. त्यांतल्या प्रत्येकीवर वेगळा उपाय आहे. काळे शौच लोहामुळे होते आणि त्यात भिण्यासारखे काही नसते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहता येते. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून लोहाची गोळी काही तास दूर ठेवावी, आणि लिंबू मात्र तिच्याजवळ असावे. "घेता ना?" या प्रश्नात यांपैकी एकही दार उघडत नाही.

"का" या शब्दाबद्दलही विद्यार्थ्यांना सावध करावे लागते. "गोळी का नाही घेतली?" हा प्रश्न खेड्यातल्या माणसाला शाळेतल्या मास्तरांची किंवा साहेबाची आठवण करून देतो आणि तो बचावाला उभा राहतो. "गोळी राहून गेली त्या दिवशी काय झाले होते?" असे विचारल्यास तोच माणूस हकिकत सांगू लागतो.

तिसरे कौशल्य ऐकलेले परत मांडण्याचे. पुस्तकांत याची उदाहरणे इतकी यांत्रिक असतात की विद्यार्थी रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात, आणि मग एखादे काका वैतागून "तेच तं म्हटलं नं मी!" असे म्हणतात. त्यांचे चुकत नाही. परत मांडताना अर्धे पाऊल पुढे जायचे असते. "मी तं काईच खात नाई, तरी शुगर वाढते," असे आजी म्हणाल्या, तर "तुम्ही काहीच खात नाही" हे परत मांडणे झाले नाही. "इतके पथ्य करूनही हाती काही लागत नाही, म्हणून तुम्ही थकून गेला आहात," असे म्हटले की आजी एकतर "हाव" म्हणून पुढे बोलतात किंवा "थकली नाई, भेव वाटते" असे दुरुस्त करतात. अंदाज चुकला तरी काही बिघडत नाही, कारण दुरुस्तीतून अधिक नेमके कळते.

आणि शेवटी कळले की नाही याची खात्री. "समजले का?" याला मिळणाऱ्या होकारावर विसंबू नये. "घरी गेल्यावर सुनेला यातले काय सांगाल?" असे विचारले की रुग्णाच्या डोक्यात काय पोहोचले ते त्याच्याच शब्दांत ऐकायला मिळते, आणि परीक्षा घेतल्यासारखेही वाटत नाही.

बदलावे की नाही, या दोन मनांमध्ये

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे प्रेरक संभाषणाची पद्धत विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनावरील उपचारांच्या संदर्भात मांडली आणि 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ग्रंथरूपाने विस्तारली. आज ती मधुमेह, रक्तदाब, वजन अशा सगळ्याच क्षेत्रांत शिकवली जाते. तिचे गृहीतक साधे आहे. सवय न बदलणारा माणूस हट्टी किंवा अडाणी नसून बहुधा द्विधा मनःस्थितीत असतो, आणि आपण बदलाच्या बाजूने जोर लावला की तो न बदलण्याची बाजू मांडू लागतो, ती बोलता बोलता त्याला स्वतःलाही पटत जाते. म्हणून बदलाच्या बाजूची वाक्ये त्याच्याच तोंडून यावीत अशी संभाषणाची दिशा ठेवायची.

यासाठी शून्य ते दहाची एक मोजपट्टी वापरतात: हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो? पिकाच्या आणेवारीची भाषा ज्यांच्या कानावर आयुष्यभर पडली आहे, त्या वयस्कर शेतकऱ्यांना "रुपयातले किती आणे?" असे विचारलेले चटकन समजते. समजा, खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण सोडण्याबद्दल एखादे भाऊ "पाच आणे" म्हणाले, तर "सोळा का नाही?" असे कधीच विचारू नये, कारण त्याच्या उत्तरात खर्र्याचीच वकिली होते. "पाच तरी आहेत, एकच आणा का नाही?" असे विचारावे. मग उत्तर येते, "तोंड उघडत नाई आता बरोबर," किंवा "पोरगं पाह्यते अन् तेही मांगते." बदलाचे कारण आता त्यांनी स्वतः सांगितलेले असते. येथे "का" चालतो, कारण त्यात दोष नसून श्रेय असते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांच्या बदलाच्या टप्प्यांचाही या संदर्भात अभ्यास असतो. तो वाचावा, पण "हा पेशंट अजून विचारपूर्व टप्प्यात आहे", म्हणजे बदलाचा विचारही त्याच्या मनात नाही, असा शिक्का मारून ऐकणे थांबवण्यासाठी त्याचा वापर होतो, हे मला खटकते.

जे सांगितले जात नाही

वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकाच्या मध्यापासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तेथे यकृताच्या किंवा कुपोषणाच्या रुग्णाला "दारू घेता का?" असे नोंदवहीवर पेन टेकवून विचारले, तर नकाराशिवाय दुसरे काय मिळणार? पेन बाजूला ठेवून, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, ही माहिती उपचारापुरतीच राहील हे आधी सांगून, "पुष्कळ जण कामावरून आल्यावर थोडी घेतात, तुमचे कसे आहे?" असे विचारावे लागते. दिलेला शब्द मग पाळावाही लागतो, कारण गावात एका घराची गोष्ट दुसऱ्या घरात पोहोचायला एक संध्याकाळ पुरते.

स्त्रियांच्या बाबतीत मौन अधिक खोल असते. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. आहारतज्ज्ञाचा याच्याशी थेट संबंध आहे. मासिक पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होत असलेल्या बाईला पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे कितीही सांगितले, तरी तिचे हिमोग्लोबिन वर चढत नाही. ती "कमजोरी आहे" एवढेच म्हणते. पाळीबद्दल विचारले, आणि सासू किंवा नवरा जवळ नसताना विचारले, तरच ती बोलते. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचेही भान हवे. घरातल्या कोणाचे सांधे वारंवार दुखतात का, कोणाला रक्त चढवावे लागते का, हे ऐकल्याशिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा मानला, तर सिकलसेलच्या रुग्णाला गरज नसताना लोह दिले जाऊ शकते.

मेळघाटात कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या कुटुंबांशी संवाद आशाताईंच्या किंवा अंगणवाडीताईंच्या मदतीने होतो. अशा वेळी बघायचे आईकडे, दुभाष्या ताईंकडे नव्हे. वाक्ये छोटी ठेवायची, आणि ताईंना आधीच विनंती करायची की तिचे बोलणे सुधारून किंवा आटोपशीर करून सांगू नका, जसे आहे तसे सांगा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेल्या बाळाला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस राहायला आई नकार देते, तेव्हा ताई पुष्कळदा "नाही म्हणते, ऐकतच नाही" एवढेच भाषांतर करतात. आईने प्रत्यक्षात घरी राहिलेल्या दोन पोरांचे आणि बांधलेल्या बकऱ्यांचे काय, असे विचारलेले असते. त्या प्रश्नाला उत्तर शोधता येते.

हे शिकायचे कसे

व्याख्यानातून हे येत नाही. तिघांच्या गटात सराव करावा: एक रुग्ण, एक आहारतज्ज्ञ, आणि एक निरीक्षक, ज्याने मत न देता फक्त मोजायचे. खुले प्रश्न किती, बंद किती, ऐकलेले किती वेळा परत मांडले, पहिल्यांदा कधी तोडले, एकूण वेळेपैकी रुग्ण किती बोलला. प्रेरक संभाषणाच्या प्रशिक्षणात प्रश्नांच्या निदान बरोबरीने आणि शक्यतो दुपटीने परत मांडणे असावे असा निकष वापरतात. सुरुवातीला बहुतेकांच्या तक्त्यात प्रश्नच प्रश्न असतात. इंटर्नशिपमध्ये रुग्णाच्या परवानगीने एखादे संभाषण ध्वनिमुद्रित करून ते शब्दशः लिहून काढणे हा कंटाळवाणा पण फार उपयोगी व्यायाम आहे, कारण आपण किती बोलतो याचा अंदाज कोणालाच नसतो. वऱ्हाडी किंवा झाडीबोली घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी ती बोली रुग्णांशी वापरू द्यावी. पुस्तकी मराठी बोलण्याच्या आग्रहापायी आपल्याकडची मुले हातातले उत्तम साधन दाराबाहेर ठेवून येतात.

सीमा ओळखणे हाही शिक्षणाचा भाग आहे. आहारतज्ज्ञ मानसोपचारतज्ज्ञ नाही. भूक मेली आहे, झोप नाही, कर्जाचा विषय पुन्हा पुन्हा येतो आणि "आता जगून काय करायचं" असे कोणी बोलून गेले, तर ते ऐकले नाही असे दाखवून नाचणीच्या सत्त्वाकडे वळू नये. जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट आणि शांतपणे विचारावे. तसे विचारल्याने तो विचार मनात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे, आणि टेलि-मानस या सरकारी मोफत सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच्या घरच्यांकडे द्यावा.

एवढे सगळे करायला वेळ कुठे आहे, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे, कारण ग्रामीण रुग्णालयात एका रुग्णामागे दहा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ म्हणायची. त्या दहा मिनिटांत पहिली तीन रुग्णाच्या बोलण्यासाठी सोडावीत, मधली पाच एकाच बदलाभोवती घालवावीत आणि उरलेल्या दोनमध्ये सुनेला काय सांगाल ते ऐकावे. सहा सूचनांऐवजी एकच ठरवावी, उदाहरणार्थ चार चहांपैकी दोन बिनसाखरेचे. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहावरची गोळी चालू असेल आणि बाई सकाळी न खाता शेतावर जात असेल किंवा उपवास धरत असेल, तर मात्र चहाआधी ती गोष्ट बोलावी आणि डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण तेथे साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. भेट संपली की वहीत ठरलेला बदल रुग्णाच्याच शब्दांत लिहून ठेवावा. महिन्याने ती पुन्हा आली की वजनकाट्याकडे पाठवण्याआधी तेच शब्द वापरून विचारावे: "मावशी, शेतावरचा चाय बिनसाखरेचा करून पाहते म्हणाल्या होत्या, त्याचे कसे झाले?"